खांद्यावरचं आधी वाचा: सहा जुन्या स्कूबा टाक्यांचं प्रकरण

नाशिकमधलं पोहणाऱ्यांचं एक मंडळ. कुणी बुडाल्याचा फोन आला की यातली चार-पाच पोरं दोर, ट्यूब आणि गळ घेऊन गंगापूर धरणावर नाहीतर सोमेश्वरकडे धावतात. २०२७चा सिंहस्थ जवळ येऊ लागला तसं आपल्याकडे स्कूबा, म्हणजे पाण्याखाली श्वास घ्यायचं साहित्य, हवं असं मंडळात ठरलं. त्याच सुमारास कोकणातलं एक डायव्हिंग सेंटर गाशा गुंडाळत होतं. तिथून सहा टाक्या, खोकाभर सुटे व्हॉल्व्ह आणि टाकीतली हवा श्वासाजोग्या दाबावर आणणाऱ्या रेग्युलेटरचे दोन जुने संच टेम्पोने आले. किंमत जवळपास भंगाराची. सचिवांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा प्रश्न एकच होता: "सर, या भरायच्या कुठे?"

मी सातपूरला दाबाच्या भांड्यांच्या तपासणीत काम करतो आणि सुट्टीत डाइव्ह करतो, म्हणून हे माझ्याकडे आलं. हवा कुठे भरायची हा जुन्या टाकीबाबतचा अगदी शेवटचा प्रश्न आहे. ही टाकी कोण, कुठली, तिच्यावर काय काय बेतलंय हे आधी कळावं लागतं. या सहापैकी चार टाक्या त्याच पायरीवर गळल्या, आणि त्यातल्या दोन तर दिसायला सगळ्यांत देखण्या होत्या.

टाक्या मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. दोन चकचकीत पिवळ्या, वर मंडळाचं नाव. एक काळपट पोलादी. तीन ॲल्युमिनियमच्या, रंगाचे पोपडे सुटलेल्या, बुडाशी काळे रबरी बूट. "पिवळ्या दोन तर तयारच आहेत," सचिव म्हणाले, "बाकीच्यांचं बघा काय होतंय."

खांदा

टाकीचा सातबारा तिच्या खांद्यावर असतो. मानेच्या खालच्या गोलाईवर ठोकलेली अक्षरं: कोणी बनवली, अनुक्रमांक, कोणत्या मानकाने, कामाचा दाब, चाचणीचा दाब, पाण्याची क्षमता, रिकामं वजन, पहिल्या चाचणीचा महिना आणि वर्ष, मग पुढच्या प्रत्येक चाचणीचा शिक्का. अमेरिकी ॲल्युमिनियम टाकीवर '३एएल ३०००' असं दिसलं तर ३एएल हे मानक आणि ३००० हा पीएसआयमधला (चौरस इंचावर पौंड) कामाचा दाब, म्हणजे २०७ बार. एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. आपल्याकडे सर्रास दिसणारी 'ऐंशीची' टाकी हीच. पोटात ११.१ लिटर पाणी मावतं आणि पूर्ण भरली की साधारण २२०० लिटर मोकळी हवा बसते.

पोपडे सुटलेल्या तिघींपैकी एकीवर १९८५ सालची तारीख निघाली. इथे थांबावंच लागतं. त्या काळात ॲल्युमिनियमच्या बऱ्याच टाक्या ६३५१ या मिश्रधातूच्या बनत. या धातूला एक खोड आहे. वर्षानुवर्षं दाबाखाली राहिला की मानेच्या आट्यांपाशी बारीक चिरा पडतात आणि त्या सावकाश वाढत जातात. अमेरिकेत १९८८पर्यंत मोठ्या उत्पादकांनी ६०६१ हा धातू घ्यायला सुरुवात केली होती, पण सगळ्यांनी एकाच दिवशी बदल केला नाही. म्हणून माझा नियम असा: १९९०च्या आधीची ॲल्युमिनियम टाकी असेल, तर धातू ६०६१ असल्याचं कागदावर सिद्ध होईपर्यंत ती ६३५१ धरायची. या चिरा हायड्रोटेस्टमध्ये, म्हणजे पाण्याने दाब देऊन केलेल्या चाचणीत, दिसतीलच असं नाही. त्यासाठी मानेत धातूतल्या विजेच्या प्रवाहावरून चिरा ओळखणारा एडी करंटचा प्रोब फिरवावा लागतो आणि अमेरिकेत अशा टाक्यांना ती तपासणी सक्तीची आहे. अशी टाकी फुटते तेव्हा बहुधा भरताना फुटते, म्हणजे शेजारी माणूस उभा असताना. चाळीस वर्षांच्या टाकीसाठी एवढा खटाटोप करण्यात मला राम वाटला नाही. बाद.

पण तिच्यात आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती सहाही टाक्यांपेक्षा जास्त शिकवणारी होती. खोक्यातले सुटे व्हॉल्व्ह मंडळातल्या एका हौशी पोराने बसवून ठेवले होते. १९८५च्या टाकीच्या मानेला पाऊण इंची अमेरिकी आटे होते आणि पोराने तिच्यात एम२५×२ आट्यांचा युरोपीय व्हॉल्व्ह घातला होता. बसला कसा? एम२५चा व्यास पाऊण इंची आट्यांच्या भोकापेक्षा थोडा कमी, त्यामुळे तो आत जातो, किंचित सैल वाटतो, शेवटी ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर, दाबून घट्टही होतो. कमी दाबाला गळतदेखील नाही. पण २०० बारला त्या व्हॉल्व्हला खालून जवळपास एक टन वजनाची ढकल बसते, आणि त्याला धरून असतात ते फक्त अर्धवट अडकलेले आटे. जगभरात अशा चुकीच्या जोडीने माणसं मेली आहेत. व्हॉल्व्हवर आणि मानेवर आट्यांचं माप बहुतेकदा ठोकलेलं असतं. ते जुळवून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

पोलादी टाकी

हिचा व्हॉल्व्ह उघडला तर आवाज नाही. "रिकामी आहे," पोरगं म्हणालं आणि पाइप पान्हा घेऊन व्हॉल्व्ह काढायला बसलं. त्याच्या हातातून पान्हा काढून घ्यावा लागला.

आवाज न येणं म्हणजे टाकी रिकामी असणं नव्हे. व्हॉल्व्हच्या खाली आत एक बारीक नळी असते, गंज किंवा कचरा हवेच्या वाटेत येऊ नये म्हणून. ती गंजाने बुजली तर व्हॉल्व्ह उघडा, आवाज शून्य आणि आत दाब तसाच. व्हॉल्व्हमधून कमी दाबाची हवा आत जाते का आणि हवा देणं थांबवल्यावर ती परत बाहेर येते का, हे पाहायचं असतं. हिच्यात आत काहीच जाईना. मग ती अंबडच्या टेस्टिंग स्टेशनवर भक्कम शिकंज्यात धरून, माणूस बाजूला उभा राहून, इंचाइंचाने सैल केली. दोन आटे सुटताच ओ-रिंगखालून फुसफुस सुरू झाली आणि बराच वेळ चालली.

आत टॉर्च टाकली तर तळाशी नारिंगी गाळ. समुद्राचं पाणी कधीतरी आत गेलेलं. पोलादात खारं पाणी आणि दाबाखालची हवा एकत्र राहिली की गंज फार झपाट्याने चढतो, कारण तिथे ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या कितीतरी पट असतो. शिवाय तो गंज आतल्या हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. गेजवर २०० बार दिसतील, पण त्या हवेत माणसाला पुरेल एवढा ऑक्सिजन असेलच असं नाही. खांद्यावरची अक्षरंही अर्धी पुसलेली. तिच्यावर याहून वेळ घालवला नाही.

पिवळ्या

आता त्या दोन देखण्या. मंडळातल्या एकाच्या मेहुण्याचं अंबडला पावडर कोटिंगचं युनिट आहे. टाक्या आल्या तशी त्याने सहातल्या दोन बऱ्यापैकी निवडल्या, जुना रंग काढला आणि पिवळं पावडर कोटिंग करून दिलं, मंडळाला भेट म्हणून, एक रुपया न घेता. बाकीच्या चार पुढच्या आठवड्यात करून देणार होता. तेवढं वाचलं.

पावडर कोटिंगमध्ये भुकटी भट्टीत वितळवून पक्की करतात. भट्टी साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला असते. खुर्ची, ग्रिल, मोटारसायकलची फ्रेम यांना त्याचं काही वाटत नाही. स्कूबा टाकीच्या ॲल्युमिनियमची ताकद मात्र उष्णतेच्या प्रक्रियेनेच आलेली असते. ६०६१ धातू तापवून, पाण्यात विझवून, मग १७५ अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवून जी अवस्था मिळते तिला टी६ म्हणतात. त्याहून जास्त तापमानात पुन्हा घातलं की ती अवस्था बिघडायला लागते. बिघाड किती, हे तापमान आणि वेळ यांवर ठरतं, आणि नेमकं हेच कुणाला सांगता येत नाही. मेहुण्याला फोन केला. तो प्रामाणिक माणूस. "भट्टी दोनशेला लावलेली, साहेब. वेळ? जॉब निघेपर्यंत." अमेरिकी नियम १७७ अंशांच्या वर गेलेली ॲल्युमिनियम टाकी सरळ बाद करायला सांगतो. दाबाची चाचणी करून बघू, ही सवलत तिथे नाही.

सचिवांना हे पटायला वेळ लागला आणि मला त्यांचा राग आला नाही. त्यांचा मुद्दा असा होता की हायड्रोटेस्टमध्ये पास झाल्या तर झाल्या ना? कदाचित झाल्याही असत्या. वीस मिनिटं २०० अंशांत राहून धातूचं फारसं बिघडलं नसेलही. पण हायड्रोटेस्ट त्या दिवशीचा जाब घेते. धातूत ठेवलेली सुरक्षिततेची जागा किती उरली, हे ती सांगत नाही. आणि शंभर वेळा भरायची टाकी 'कदाचित'वर चालवता येत नाही. टाकीला रंग द्यायचाच असेल तर हवेत वाळणारा द्यावा. खरं तर देऊच नये. रंगाखाली खड्डे लपतात, खांद्यावरची अक्षरं भरून जातात. पिवळ्या टाक्यांचे अनुक्रमांक वाचायला आम्हाला कोटिंग खरवडावं लागलं.

कागद

उरल्या दोन, पोपडे सुटलेल्या. त्या घेऊन स्टेशनवर गेलो. तिथलं मुख्य काम सीएनजी गाड्यांच्या सिलिंडरचं, दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट लागते ती. तिथल्या काकांनी गाडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "टाकी नंतर उतरवा, आधी कागद दाखवा."

बरोबर होतं त्यांचं. भारतात दाबाखालच्या वायूचं सिलिंडर गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतं. हे नियम राबवणारी केंद्राची संस्था पेसो (पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना), मुख्यालय नागपूर. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह मुख्य विस्फोटक नियंत्रकाने मान्य केलेल्या प्रकाराचे नसतील, तर ते भरताच येत नाहीत. चाचणीही मान्यताप्राप्त स्टेशनवरच व्हावी लागते. परदेशातून कुणी सामानात आणलेली, कागद नसलेली टाकी धातूने कितीही उत्तम असो, इथे कायद्याने तिला हवा नाही. ऑनलाइन सेकंडहँड टाकी घेणाऱ्यांनी हे आधी विचारावं. विकणारा आपणहून सांगत नाही.

बंद पडलेल्या सेंटरच्या माणसाला फोन करकरून शेवटी आयातीच्या मान्यतेची स्कॅन प्रत मिळाली. त्यात आमच्या दोन टाक्यांचे अनुक्रमांक होते. पिवळ्या दोघींचेही होते. तो कागद सचिवांनी बराच वेळ हातात धरून ठेवला.

तपासणी

बूट काढले. खारं पाणी बुटात साचून राहतं आणि टाकी नेमकी तिथे झिजते. एकीच्या बुडाशी खड्ड्यांची रांग होती. नायलॉन ब्रशने घासून डेप्थ गेज लावला, सगळ्यांत खोल खड्डा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या आत निघाला. काठावर असता तर मी नापास केली असती. मोजमाप करणाऱ्याचा हात चुकू शकतो हेही धरावं लागतं.

आत पांढरी भुकटी होती, ॲल्युमिनियमचा गंज. कोमट पाणी आणि नायलॉन ब्रश एवढ्यावर निघाली. काही वर्कशॉपमध्ये अशा वेळी ॲसिड किंवा सँड ब्लास्टिंग सुचवतात, दोन्हीला नकार द्यावा. मग लहान आरशाने मानेचे आटे एकेक करून पाहिले. चीर नव्हती.

हायड्रोटेस्टमध्ये टाकी पाण्याने भरून, पाण्याच्याच जॅकेटमध्ये ठेवून, कामाच्या दाबाच्या पाच तृतीयांश दाब देतात. २०७ बारच्या टाकीला ३४५ बार. टाकी फुगते, दाब सोडल्यावर परत आकसते, पण थोडी फुगलेली राहते. हे कायमचं फुगणं एकूण फुगण्याच्या दहा टक्क्यांच्या आत हवं. समजा टाकी ७० मिलिलिटर फुगली आणि दाब काढल्यावर २ मिलिलिटर उरले, तर पास. ८ उरले तर धातू थकलाय. पाणी वापरतात कारण ते फारसं दाबलं जात नाही. टाकी फाटलीच तर पाणी सांडतं, स्फोट होत नाही. आमच्या दोन्ही आरामात पास झाल्या. खांद्यावर नवा शिक्का बसला. अमेरिकेत हायड्रो पाच वर्षांनी आणि आतून-बाहेरून डोळ्यांनी तपासणी दरवर्षी, अशी रीत आहे.

एका गोष्टीवर मात्र उभं राहून लक्ष ठेवावं लागलं. सीएनजीच्या सवयीने टाकी उलटी करून निथळली की त्यांच्या लेखी काम संपतं. श्वासाच्या टाकीत थेंबही राहता कामा नये. कोरडी, तेलविरहित, जेमतेम कोमट हवा आत सोडून वाळवली, मग वास घेऊन पाहिला. व्हॉल्व्ह उघडून धुतले, सीट बदलली, मानेची ओ-रिंग नवीन घातली.

हवा

आता सचिवांचा मूळ प्रश्न. नाशिकमध्ये त्याची तीन सोपी उत्तरं मिळतात आणि तिन्ही चुकीची आहेत.

पहिलं, ऑक्सिजन प्लांट. बातम्यांत पाणबुड्याच्या पाठीवर नेहमी 'ऑक्सिजन सिलिंडर' असतो, त्यामुळे गॅस एजन्सीवालाही मदत म्हणून भरून द्यायला तयार होतो. टाकीत साधी हवाच असते. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे मृत्यू. शिवाय तेल-ग्रीस लागलेल्या व्हॉल्व्हमध्ये उच्च दाबाचा ऑक्सिजन म्हणजे आगीला आमंत्रण. दुसरं, कारखान्यातला कंप्रेसर. तो आठ-दहा बारचा, त्याची हवा तेलकट. श्वासाच्या हवेसाठी युरोपीय मानकात कार्बन मोनॉक्साइड ५ पीपीएम (दहा लाखांत पाच भाग) आणि तेल घनमीटरमागे अर्धा मिलिग्रॅम यांच्या आत लागतं. खोलीबरोबर प्रत्येक वायूचा आंशिक दाब वाढतो, म्हणून जमिनीवर जेमतेम डोकं दुखवणारी हवा तीस मीटरवर माणूस पाडते. तिसरं, अग्निशमनचा कंप्रेसर. हे उत्तर त्यातल्या त्यात शहाणं, कारण तो श्वासाच्या हवेचाच असतो, ३०० बारपर्यंत जातो. पण तो त्यांच्या स्वतःच्या श्वसन-सेटसाठी असतो, जोडणीही वेगळी. ओळखीने एखाद्या जवानाला अडचणीत आणू नये.

स्वतःचा कंप्रेसर घ्यायचा विचारही झाला. सिलिंडर भरायला परवाना लागतो. फिल्टर बदलावे लागतात. हवा ओढणारी नळी जनरेटरच्या धुरापासून लांब ठेवावी लागते. दोन टाक्यांसाठी हे कुणी करत नाही.

हिशोब मांडला. तीन मीटर खोल तरण तलावात एक नवशिका मिनिटाला साधारण २६ लिटर हवा संपवतो. ५० बार राखीव ठेवले तर एक टाकी तासभर. म्हणजे कोकणात जाऊन दोन टाक्या भरून आणायच्या आणि दोन तासांचा सराव मिळवायचा. त्यापेक्षा पोरांनाच कोकणात पाठवणं स्वस्त. तारकर्लीला सरकारी पर्यटन महामंडळाची डायव्हिंग संस्थाच आहे, साहित्य तिथलंच वापरता येतं.

मी सचिवांना आणखीही एक सांगितलं, ते त्यांना फार आवडलं नाही. गोदावरीच्या घाटांवर पर्वणीच्या गर्दीत स्कूबा कामाला येत नाही. तिथे बुडणाऱ्याला दोन-तीन मिनिटांत हात द्यावा लागतो, आणि तेवढ्यात दोर फेकता येतो, टाकी पाठीला बांधून होत नाही. धरणाच्या गढूळ पाण्यात झाडाझुडपांत शोध घ्यायला टाकीपेक्षा दोरीवरचं प्रशिक्षण आधी लागतं. शिवाय नाशिक साडेपाचशे मीटरच्या वर. ३०० मीटरच्या वरचं पाणी डायव्हिंगच्या हिशोबात उंचावरचं धरतात, किती खोल किती वेळ राहायचं हे सांगणारे समुद्राचे तक्ते इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

पिवळ्या दोघींपैकी एक दाराशी शोभेला ठेवायची इच्छा होती. बाद सिलिंडर पुन्हा जोडता येणार नाही असं कापून किंवा चपटं करून टाकावं असं नियम सांगतो. पाच वर्षांनी दाराशी उभी असलेली झकास पिवळी टाकी कुणीतरी भरायला नेईलच. चारही स्टेशनवर करवतीने कापल्या. मेहुणा स्वतः आला होता, त्यानेच एक धरली.

उरलेल्या दोन टाक्या मंडळाने ठेवल्या. नाशिकला एक, कोकणात ओळखीच्या सेंटरकडे एक, जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर अदलाबदल. भरताना घाई करायची नाही, मिनिटाला वीस-तीस बार पुरे. भरलेली टाकी उन्हात गाडीत ठेवायची नाही, कारण २०० बारच्या टाकीत दर अंशाला पाऊण बारच्या आसपास दाब चढतो. वापरून झाली की आत दहा-वीस बार ठेवूनच व्हॉल्व्ह बंद, म्हणजे ओलावा शिरत नाही. कंप्रेसरसाठी बाजूला काढलेल्या पैशातून थ्रो बॅगा, म्हणजे फेकायच्या दोराच्या पिशव्या, आणि लाइफ जॅकेटं आली. टाक्यांची वही सचिवांकडे आहे. पहिल्या पानावर दोन अनुक्रमांक, हायड्रोची तारीख, आट्यांचं माप, आणि सचिवांनीच लाल पेनाने लिहिलेलं: रंग देऊ नये.